पेटला म्हणजे मोकळी

श्रीनिवास आगाशे यांचं शनिवार पेठेत वह्या-पेनांचं दुकान होतं. तिथे मालापेक्षा मालकाची जीभच जास्त चालते, असं गिऱ्हाईकंच म्हणायची. "हे पेन चालतं का हो?" असं कुणी विचारलं की आगाशे मान वर न करता सांगायचे, "नाही. उचलून न्यावं लागतं." लोक रागवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे.

अडुसष्टाव्या वर्षी घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वासासाठी गळ्याखाली एक भोक राहिलं. त्यावर त्यांच्या पत्नी श्यामलाबाई रोज सकाळी धुतलेला पांढरा सुती रुमाल बांधून देत.

थोडं बरं वाटल्यावर ते पाटी-पेन्सिल घेऊन दुकानात बसले. पण टोमणा लिहून होईपर्यंत गिऱ्हाईक पायरी उतरून गेलेलं असायचं. लिहिलेलं वाक्य पाटीवर तसंच राहायचं. मग आगाशे ते स्वतःच एकदा वाचायचे आणि फडक्याने पुसून टाकायचे. पावसाळ्याच्या आत त्यांनी दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्याने देऊन टाकलं.

घरातलं बोलणं श्यामलाबाईंनी आपल्याकडे घेतलं. मायेनेच घेतलं. दारात कुणी आलं, फोन आला, की त्या सांगून मोकळ्या होत, "यांना आता बरंय." "यांना गोड नको." "यांना गर्दीत यायला आवडायचं नाही." आगाशांचा हात पाटीकडे जाईपर्यंत उत्तर देऊन झालेलं असायचं, आणि पुष्कळदा ते चुकीचं असायचं. त्यांना गोड हवं असायचं. बाकीच्या लोकांची आणखी एक समजूत होती, की ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार. शेजारपाजारचे लोक त्यांच्याशी नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलत.

दर मंगळवारी कर्वे रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात जावं लागायचं. तिथे कुसुम नावाच्या शांत बाई स्वरयंत्राशिवाय बोलायला शिकवत. हवा गिळायची आणि ढेकर येताना तिचाच शब्द करायचा. निघणारा आवाज घोगरा आणि ओला असायचा. आगाशांना तो ऐकवत नसे. दवाखान्याबाहेर ते तो कधीच काढत नसत.

सुरुवातीला श्यामलाबाई बरोबर जायच्या. पुढे त्यांचे गुडघे धरले, तेव्हा आगाशांनी पाटीवर लिहिलं, 'मी एकटा जाईन.' त्यांना तसं जायचंच होतं.

पहिल्याच मंगळवारी त्यांना कळलं, की पुण्यात रिक्षा हाताने नाही, तोंडाने थांबते. ॲपवरून बोलवायच्या गाड्या तेव्हा अजून आलेल्या नव्हत्या. जुन्या मीटरला पत्र्याचा झेंडा असायचा, तो उभा दिसला की रिक्षा मोकळी आहे हे लांबून कळायचं. इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि झेंडे गेले. मोकळी कोणती, भरलेली कोणती, हे रिक्षा अंगावर येईपर्यंत समजायचं नाही. समजल्यावर लोक ओरडायचे, आणि आगाशांना ओरडता येत नव्हतं. शीळ घालावी तर तोंडातून वाराच येत नव्हता. टाळी वाजवली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बाई जरा बाजूला सरकल्या. एक-दोन रिक्षा थांबल्या. चालकाने "कुठे?" विचारलं. आगाशे खिशातून पत्त्याची चिठ्ठी काढेपर्यंत तो पुढे गेला होता. ते चालत गेले, उशिरा पोचले, आणि घरी आल्यावर यातलं काही लिहिलं नाही.

त्याच सुमारास शहरातल्या काही रिक्षांच्या टपांवर दिवे आले. प्रयोग म्हणून बसवले होते. हिरवा असला तर रिक्षा मोकळी, लाल असला तर भरलेली, पांढरा असला तर चालकाची ड्युटी संपलेली. पत्रकं वाटली गेली, पण लोकांना सवय सिग्नलची. लाल म्हणजे थांबणार आणि हिरवा म्हणजे जाणार, असंच सगळे धरून चालायचे, भरल्या रिक्षांना हात करायचे आणि मोकळ्या सोडून द्यायचे. उन्हात तर कोणता रंग पेटलाय हेच दिसायचं नाही. "आणि पांढरा म्हणजे काय?" असं कोपऱ्यावरच्या चहावाल्याला कुणी विचारलं, तर तो म्हणाला, "शरणागती." आगाशांना हे आपल्याला सुचायला हवं होतं असं वाटलं.

एका मंगळवारी ते ओंकारेश्वराजवळ असेच उभे असताना टपावर पांढरा दिवा असलेली एक रिक्षा आपणहून थांबली.

"कुठं जायाचंय, काका?" चालकाने विचारलं आणि तो थांबून राहिला. आगाशांनी चिठ्ठी काढली, त्याने ती सावकाश वाचली. "बसा."

रिक्षा पुलावर चढली तसा तो आपणहून बोलू लागला. "पांढरा दिवा बघून कुणी हात करत न्हाई बघा. लाल-हिरवा दोन्ही जळाले, पाणी गेलं आत. मी म्हटलं ऱ्हाऊ दे. पेटला म्हंजी मोकळी, विझला म्हंजी कुणीतरी बसलंय. त्यात तीन रंग कशाला पायजेत? व्हय का न्हाई?"

उत्तर अपेक्षित होतं. आगाशांनी समोरच्या लोखंडी दांडीवर बोटाने एकदा टक् केलं. चालकाने आरशात पाहिलं. त्याला गळ्यावरचा रुमाल दिसला असावा.

"बोलायला त्रास हाय व्हय?"

टक्.

"मग नका बोलू. मी बोलतो."

त्याचं नाव मच्छिंद्र. तो वारज्याचा होता. मंगळवारी त्याच वेळेला तो त्या बाजूला यायला लागला आणि आगाशे त्याच्यासाठी थांबायला लागले. चुकून दुसरी कुठली रिक्षा समोर आली, तर ते आता पाठ फिरवून उभे राहत. मच्छिंद्र रस्त्याकडे पाहत बोलायचा. एक टक् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं. भराभर तीन-चार म्हणजे हसू, हेसुद्धा आपोआपच झालं. मच्छिंद्र कधी ओरडून बोलला नाही. रिक्षाच्या आवाजात त्याला ऐकण्यासाठी आगाशांनाच पुढे वाकावं लागायचं, आणि ते त्यांना फार आवडायचं.

वारज्याचं वावर आधी महामार्गाखाली आणि मग इमारतींखाली गेलं होतं. भाऊ बांधकामात शिरला. मच्छिंद्राच्या वाट्याला पैसे आले, आईच्या नावाने उभ्या राहिलेल्या 'तुळजाई' इमारतीत दोन मोठी घरं आली. मुलांना बापाने रिक्षा चालवलेली खपत नव्हती. "पर घरी बसलं की घर खायाला उठतं," तो म्हणायचा. "हितं मागं कुणीतरी बसलेलं असतंय. बरं वाटतं." त्याची मिरचीचे वाफे धरायची पद्धत, भावाच्या नव्या गाडीचा रंग, बायकोचा, सोजरबाईचा, लिफ्टमध्ये पाय न ठेवण्याचा हट्ट, हे सगळं आगाशांना ठाऊक झालं. आगाशांविषयी मच्छिंद्राला फक्त दवाखान्याचा पत्ता ठाऊक होता.

थंडीत दिव्यांच्या त्या प्रयोगाबद्दल लोकांच्या सूचना ऐकायला एका शाळेच्या सभागृहात सभा बोलावली गेली. आगाशांनी जायचं ठरवलं. श्यामलाबाई गुडघ्याला पट्टा बांधून बरोबर आल्याच. लोक बरंच काही बोलले. कुणाला चौथा रंग हवा होता, कुणाला दिव्याबरोबर भोंगा. आगाशांची पाळी आली, ते उठले, पाटी वर करू लागले, तेवढ्यात शेजारून श्यामलाबाई उभ्या राहिल्या.

"यांचं म्हणणं असं आहे, की नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्यांना दंड करावा. फार त्रास होतो हो यांना."

आगाशांनी पाटी खुर्चीवर आपटली. सगळे वळून पाहू लागले. त्यांनी हवा गिळली, ती अर्ध्यातून निसटली, पुन्हा गिळली.

"एक," ते म्हणाले. "दिवा."

पाठीमागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. समोरचे अधिकारी पुढे वाकून मोठ्याने म्हणाले, "काय म्हणालात आजोबा?"

"एक. दिवा. पेटला... मोकळी. नाही... तर नाही."

एवढ्यानेच त्यांना दम लागला. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. नंतर बोललेल्या आणखी काहींनीही तेच सांगितलं. घरी परतताना रिक्षात श्यामलाबाईंनी गुडघ्याचा पट्टा सोडला.

"मला आधी सांगायचं होतंत ना," त्या म्हणाल्या.

आगाशांनी पाटीवर लिहिलं, 'सांगत होतो. वर्षभर.'

श्यामलाबाईंनी ते वाचलं. पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याच्या वतीने बोलणं बंद केलं. दारात कुणी आलं की त्या आत निघून जात. आगाशांना वाटलं होतं, आता आपल्याला जागा मिळेल. जागा मिळाली, पण घर अगदीच शांत झालं. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून जेवत आणि फक्त वाटी-चमच्यांचा आवाज येई. त्या रागावल्या आहेत की दुखावल्या आहेत, हे त्यांना विचारायचं होतं. विचारायला एवढी हवा गिळायची हिंमत झाली नाही.

उन्हाळा लागता लागता तीन रंगांचे दिवे निघाले आणि त्या जागी एकच पिवळा दिवा आला. पेटला तर मोकळी. सगळ्यांना पहिल्याच दिवशी समजलं. चहावालासुद्धा त्यावर काही बोलला नाही. आगाशे रस्त्यावर येऊन हात करत आणि पहिलीच पेटलेली रिक्षा थांबे. चिठ्ठी दाखवली की चालक मान हलवून निघे. दवाखान्यात ते वेळेआधी पोचू लागले.

मात्र मच्छिंद्र येईनासा झाला. पहिल्या मंगळवारी त्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या मंगळवारी पेटलेल्या रिक्षा एकामागून एक समोर येऊन थांबत राहिल्या आणि "यायचंय का, काका?" विचारत राहिल्या. प्रत्येकाला हाताने नाही म्हणताना आगाशांना ओशाळल्यासारखं झालं. दवाखान्याची वेळ टळून गेली, तेव्हा एका रिक्षात ते बसले. चालक कानात वायर घालून फोनवर कुणाशी तरी बोलत होता. आगाशांनी सवयीने दांडीवर टक् केलं. "थांबू का हितं?" त्याने विचारलं.

पुढच्या रविवारी ते बसने वारज्याला गेले. 'तुळजाई' सापडायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या घराचं दार मच्छिंद्रानेच उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा होता. समोरून पाहिल्यावर तो वेगळाच माणूस वाटला. त्याच्या नाकाशेजारी मोठा चामखीळ होता, हे आगाशांना इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं.

"काका! या, या. बसा." तो गडबडला. "मोतीबिंदू काढला बघा. पोरांनी रिक्षा इकून टाकली. म्हणाले, बास आता."

सोजरबाईंनी चहा आणला. टीव्ही चालू होता, तो कुणी बंद केला नाही. आगाशे सोफ्यावर आणि मच्छिंद्र समोरच्या खुर्चीवर बसला. आगाशांनी त्याच्याकडे पाहिलं की मच्छिंद्राची नजर गळ्यावरच्या रुमालाकडे जायची आणि तिथून टीव्हीकडे वळायची. पाठमोरा असताना जो माणूस नळस्टॉपपर्यंत न थांबता बोलायचा, त्याला आता काही सुचेना.

"पाव्हणं बोलत न्हाईत व्हय?" सोजरबाईंनी विचारलं.

"बोलत्यात की. माझ्यासंगं लई बोलायचे," मच्छिंद्र म्हणाला, आणि आगाशांकडे वळून मोठ्या आवाजात, शब्द तोडत म्हणाला, "चहा... गोड... झालाय का?"

त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला होता. आगाशांनी समोर पाहिलं. टक् करायला जवळ दांडी नव्हती, टीपॉय होता तो काचेचा. त्यांनी हवा गिळली.

"छान," ते म्हणाले.

तो आवाज ऐकून सोजरबाई दचकल्या आणि मच्छिंद्र उगाच हसला. आगाशेही हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. चहा संपला. मच्छिंद्र पाहुण्याला सोडायला रस्त्यापर्यंत आला. तिथे दोघं शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि मच्छिंद्राला एकदम कंठ फुटला.

"माझा भाऊ म्हणतो, गॅलरीत मिरच्या लाव. आता कुंडीत का कधी मिरची येती? माती पायजे, काका. पाय बुडाला पायजे मातीत. मी त्याला म्हटलं..."

आगाशे कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात महामार्गाकडून एक रिक्षा आली, टपावरचा पिवळा दिवा भर दुपारीही स्वच्छ दिसत होता. आगाशांनी हात केला नव्हता. मच्छिंद्राचा हात जुन्या सवयीने वर गेला आणि रिक्षा थांबली.

"आली की लगेच," तो म्हणाला. मिरचीचं त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. "या पुन्हा, काका."

आगाशे आत बसले आणि चिठ्ठी पुढे केली. चालकाने मीटर टाकला. टपावरचा दिवा विझला आणि रिक्षा शहराच्या दिशेने निघाली.