दूध पाजणारी

मी एक जुना शब्द आहे. फ्रेंच भाषेत मला ‘फाम’ म्हणतात. फाम म्हणजे बाई. मित्रांनो, माझी आई लॅटिनमधली ‘फेमिना’, आणि तिच्याही मागच्या मुळाचा अर्थ दूध पाजणं. तुमच्या संस्कृतातली धेनू माझी लांबची बहीण लागते. पुढे बोलून बोलून लोकांनी मला झिजवलं, अक्षरं गळाली, जुना अर्थही कुणाच्या ध्यानात राहिला नाही. खरं सांगतो, विसरले तेच बरं होतं.

पण एका घरातल्या आजोबांनी तो उकरून काढला. त्यांनी जन्मभर फ्रेंच शिकवलं होतं. शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. सून बाळंत होऊन घरी आली, तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, “सूनबाई, आता तू खरी फाम झालीस हो! फाम म्हणजे मुळात दूध पाजणारी.”

सुनेला दूध येतच नव्हतं.

बाळ ओढून ओढून थकायचं, रडायचं, पुन्हा ओढायचं. डॉक्टरीणबाईंनी वरचं दूध द्यायला सांगितलं होतं. दुधाच्या पावडरीचा डबा आणून ठेवला होता, पण सून त्याला हात लावू देईना.

“बाटली दिली तर मी कसली बाई?” एवढंच ती म्हणायची. नवऱ्याने हात जोडले, रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

मी तिच्या मनात काट्यासारखा रुतलो होतो. अगं, मी नुसता शब्द आहे, तुझं लेकरू भुकेलंय, असं मला ओरडायचं होतं. पण शब्दाला स्वतःचं तोंड नसतं. मी तडफडत राहिलो.

एका दुपारी बाळाचं रडणंच थांबलं. ओठ सुकले होते, मान लुळी पडली होती. आजोबांनी त्याला उचललं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा डॉक्टरीणबाईंना फोन लावायला धावला.

“सूनबाई, दूध कालव! चमचा आण!”

“पण बाबा, तुम्हीच तर म्हणाला होतात...”

“खड्ड्यात गेला तो शब्द! चमचा आण आधी!”

इतक्या शतकांत शिवी खाऊन मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

आजोबांनी चमचा बाळाच्या ओठांना लावला. दूध बाळाच्या हनुवटीवरून ओघळत राहिलं. मग इवलीशी जीभ हलली.

“द्या इकडे,” सून म्हणाली. “मी पाजते.”

मित्रांनो, मला जपा, माझं मूळ हवं तर शोधा, पण माझ्या मापाने कुणाला मोजू नका. माझ्यापायी एक लेकरू उपाशी मेलं असतं.