मामाकडून भाच्याकडे

वसीलाच्या आजोळचे पुरुष एका ठरावीक रीतीनं जायचे. आधी चिमण्या जायच्या. म्हणजे चिमण्या खजुरांच्या झाडांवर असायच्याच, कलकलाटही तसाच चालू असायचा, पण घरातल्या एखाद्या पोराला तो ऐकू येईनासा व्हायचा. मग किटलीची शिट्टी जायची, मग बायकांचे आवाज. मिशा दाट होईतो डोळ्यांखाली सूज, अंगाला खाज आणि तोंडाला चमत्कारिक वास यायचा. आणि शेवटी मीठ.

गावच्या खजुरांच्या बागा जिथं संपतात तिथून मिठाचं रान सुरू होतं. दिवसभर ते पांढरंफेक, गप्प असतं. ऊन उतरलं की त्याची खपली तडतडायला लागते. गावात म्हणत की त्या रानात राहणारं कुणीतरी मब्रूकाच्या माहेरच्या पुरुषांना हाक मारतं, आणि आपली हाक नीट पोचावी म्हणून बाकीचे आवाज एकेक करून काढून घेतं. मब्रूका म्हणजे वसीलाची आई. तिचा भाऊ बशीर भ्रमिष्टासारखा उठून त्या रानात चालत गेला होता. उंटवाल्यांना सापडला तेव्हा मांडी घालून बसला होता आणि समोर कुणी बोलत असावं तशी मान हलवत होता. त्याच आठवड्यात तो गेला.

वसीलाचा भाऊ लझर मात्र घरातच गेला. अखेरच्या दिवसांत त्याच्या कपाळावर, भुवयांत, दाढीत पांढरी भुकटी दिसू लागली. मब्रूकानं ओल्या फडक्यानं पुसून काढली. दुपारपर्यंत ती परत आली. लहानग्या वसीलानं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट होतं.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. आता वसीला खजूर भरायच्या कारखान्यात कामाला होती. नवरा किनाऱ्यावरच्या शहरात गवंडीकाम करायचा आणि सणाला घरी यायचा. घरात ती, म्हातारी मब्रूका आणि बारा वर्षांचा अनवर.

कारखान्यात दरवर्षी हंगामाच्या तोंडावर डॉक्टर येत. रक्तदाब, डोळे, लघवी. बायकांना ती सगळी थट्टाच वाटायची. "खजुराचा दर पडला की हेच भरून पाठवतील परदेशात," असं म्हणत एकीनं बाटली नाचवली आणि रांगेत हशा पिकला. वसीलाही हसली.

यंदाची डॉक्टर नवी होती, हेंदा नावाची, तरुण, किनाऱ्याकडची, बोलण्यात तिकडचा हेल. तिनं बाटलीत पट्टी बुडवली, रंग पाहिला, मागच्या वर्षीचा कागद काढला आणि दार लावून घेतलं.

"बस गं ताई. पाळी चालू आहे?"

"नाही."

"मागच्या वर्षीही लघवीत रक्त होतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं थोडं. यंदाही आहे." मग तिनं विचारलं, "तुझ्या मामांपैकी, भावांपैकी कुणी तरुणपणी गेलंय? आणि जायच्या आधी त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं?"

वसीलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही बाई गावात पहिल्यांदा आलेली. आणि ही गोष्ट गावाबाहेर कुणी बोलत नसे. बोललं तर मुलींची लग्नं व्हायची नाहीत.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझी लघवीच सांगतेय."

"तुम्ही भविष्य बघता का? वाळूत रेघा ओढून वगैरे?"

"अगं नाही गं बाई! मुलगा आहे तुला?"

वसीला उठली, दार उघडलं आणि टोपी-एप्रनसकट घरी निघून आली. मुलगा आहे का, असं त्या बाईनं विचारलं होतं. लझर गेल्यावर दारात आलेल्या एका भविष्य सांगणारीनं मब्रूकाला अगदी हेच विचारलं होतं, आणखी मुलगा आहे का म्हणून.

अंगणात अनवर पाठमोरा बसून सायकलचं चाक उलटंपालटं करत होता. आत किटली जीव तोडून शिट्टी मारत होती. तो उठला नाही.

"अनवर," वसीलानं हलकेच हाक मारली. मग जरा मोठ्यानं. तो चाक फिरवत राहिला.

ओसरीवरून मब्रूकानं आपल्या घोगऱ्या, पुरुषी आवाजात हाक दिली, "ए पोरा!" अनवरनं लगेच मान वळवली.

म्हातारी वसीलाकडे बघत म्हणाली, "माझा येतो त्याला अजून. तुझा गेला."

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करणार होतीस? मी करतेय काय करायचं ते."

ती काय करत होती, ते वसीलाला त्याच दिवशी कळलं. ऊन कलताना मब्रूकानं रोटी, लोणी आणि निवडक खजूर ताटात घेतले आणि बागेच्या मागच्या वाटेनं निघाली. वसीला मागोमाग गेली. मिठाच्या काठाशी म्हातारीनं ताट ठेवलं आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलू लागली.

"माझा भाऊ नेलास, काही म्हटलं नाही. लेक नेलास. हा अजून कोवळा आहे गं. जरा दम धर."

वारा पडला होता. रान मात्र तडतडायला लागलं होतं. आधी लांबून, मग जवळ येत येत, अगदी पायाशी. वसीलाला वाटलं, कुणीतरी बोटं मोडत मोडत जवळ येतंय.

"उम्मी," मागून आईला हाक आली. अनवर सायकल हातात धरून उभा होता. "हे काय वाजतंय?"

"मीठ वाजतंय रे. ऊन उतरलं की वाजतं," वसीला त्याच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली.

"नाही, ते नाही." त्यानं दोन्ही कानांवर तळवे दाबले, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "कान झाकले तरी येतंय."

मब्रूकानं ताट मिठात आणखी पुढे सरकवलं. वसीलानं पोराच्या दंडाला धरलं आणि त्याला ओढत, जवळजवळ फरफटत, बागेत आणलं. आईसाठी ती थांबली नाही.

सकाळी ती कारखान्यात न जाता अनवरला घेऊन हेंदा बसायची त्या तालुक्याच्या दवाखान्यात निघाली. मब्रूका दार अडवून उभी राहिली.

"तिथं नेलंस की त्याचं नाव पुकारलं गेलं समज."

"पुकारलं गेलंच आहे, उम्मी. काल ऐकलंस ना? निदान मला विचारू दे, कोण पुकारतंय ते."

म्हातारीनं दार सोडलं आणि खांद्यावर चादर टाकून मागोमाग गाडीत येऊन बसली.

हेंदानं तिघांना पाहिलं आणि कालच्या पळून जाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. अनवरची लघवी तपासली, रक्त काढलं, त्याला कानाच्या तपासणीला पाठवलं. निकाल हाती आल्यावर तिनं सावकाश समजावलं. आजार किडनीचा आहे, रक्तातून चालत आलेला. किडनीच्या गाळणीत आणि कानाच्या आत एकच धागा कच्चा विणला जातो, म्हणून दोन्ही एकदमच झिजतात. बायकांच्या अंगात तो बहुधा दबून राहतो, लघवीत थोडं रक्त दाखवतो. ज्या मुलग्यांत उतरतो त्यांना मात्र पुरता धरतो. कानात येणारा आवाजही त्या कानांचाच.

मब्रूका एकटक ऐकत होती. "माझ्या लेकाच्या तोंडावर मीठ आलं होतं. पुसलं तरी येत होतं."

हेंदाचा चेहरा उतरला. "किडनी पार थांबली की रक्तातली घाण घामातून बाहेर येते, आजी. वाळली की पांढरी दिसते."

"म्हणजे ते रानातून आलं नव्हतं."

"नाही."

"त्याच्या आतूनच आलं. आणि त्याच्यात माझ्यातून."

हेंदानं तिचा हात धरला. "तुम्हाला तुमच्या आईकडून. कुणी मुद्दाम देत नाही हे."

म्हातारीनं हात सोडवून घेतला. इतकी वर्षं ती त्या रानाशी भांडत होती, हात जोडत होती. आता भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. बराच वेळ ती आपल्या मनगटावरच्या शिरा बघत बसली. त्या दिवशी वसीलाला तिची भीती वाटली आणि तेवढीच दयाही आली.

"बरा होईल?" वसीलानं विचारलं.

"मुळासकट जाणार नाही, खोटं सांगत नाही. पण त्याच्या किडन्या अजून चांगलं काम करतायत. रोज गोळी घ्यायची, ठरल्या वेळी तपासणीला यायचं. बरीच वर्षं हाताशी राहतील. तुझ्या भावाला ही संधी मिळाली नाही. सापडलं तेव्हा फार उशीर झाला असेल."

"सापडलंच नव्हतं," मब्रूका म्हणाली. "आम्ही शोधलंच कुठं?"

मग तिनं स्वतःच बाटली मागितली.

पुढचं सोपं नव्हतं. वसीलाची धाकटी बहीण मोंजिया पलीकडच्या गावात दिली होती. दोघी मायलेकी तिच्याकडे गेल्या तेव्हा तिनं उंबऱ्यातूनच हात जोडले. "सासूच्या कानावर गेलं तर मला उभी चिरेल. माझी पोरं ठणठणीत आहेत. ते तुमच्या घरचं तुमच्या घरात ठेवा."

"अगं, घर एकच आहे आपलं," मब्रूका म्हणाली. दार लागलं.

पुढच्या महिन्यात म्हातारी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. दारात बसायची, चहा मिळाला तर प्यायची, नाही तर तशीच उठायची. थंडीत घसा धरल्यावर मोंजियाच्या थोरल्याला गडद तांबडी लघवी झाली, तेव्हा ती रडत दोन्ही पोरांना घेऊन आली. थोरल्याला आजार निघाला, धाकटा सुटला. सासूनं आकांडतांडव केलं, पण नातवाची गोळी चुकली की तीच ओरडायला लागली.

मब्रूकाच्या मावसबहिणीकडचा एक तरुण मात्र कुणाचं ऐकायला तयार झाला नाही. तो आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो.

काही वर्षांनी मब्रूका झोपेतच गेली. लझर गेला त्या वयापेक्षा अनवर आता मोठा झालाय. कानाला यंत्र लावतो, तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. किडन्या थकल्यात, पण चालतायत. पुढे कधीतरी एक बदलावी लागेल, असं हेंदा म्हणते. गेल्या वसंतात त्याचं लग्न ठरलं, तेव्हा मुलीच्या घरी त्यानं आधी हेच सांगितलं, आणि हेही की बापाकडून हा आजार मुलग्यांत उतरत नाही, पण प्रत्येक मुलीत उतरतो. मुलीच्या बापानं हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

मग मुलगीच पडद्याआडून म्हणाली, "मुलगी झाली तर जन्मल्यावर लगेच तपासायची ना?"

"हो," अनवर म्हणाला.

"मग चहा थंड होतोय, घ्या."