गरगऱ्याचा गळा

मित्रांनो, मी एक जुना, गोल दाराचा, कपडे धुणारा गडी आहे. तुम्ही मला वॉशिंग मशीन म्हणाल. पण या घरातल्या आजींनी मला पहिल्याच दिवशी ‘गरगऱ्या’ अशी हाक मारली आणि तेच नाव पडले. माझे पोट पोलादाचे आहे, ओठ रबराचे आहेत आणि आवाजाबद्दल न बोललेलेच बरे. कपडे पिळताना मी एवढा थरथरतो की शेजारच्या फळीवरचा साबण उड्या मारू लागतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवणारे, तारा जोडणारे, स्क्रू पिळणारे कितीतरी हात माझ्या अंगावरून फिरले. शेवटी एका माणसाने माझे दार उघडून मिटून पाहिले, कान लावून ऐकले आणि पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला अजून अभिमान वाटतो. मग खोक्यात बसून मी या घरी आलो.

घरात माणसे तीनच: आजी, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलगा बस चालवतो. सूनबाई घरीच कपडे शिवते, आणि काय शिवते! कापडाला मी किती गदागदा हलवतो ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तिने घातलेली शिवण माझ्या पोटात कधी उसवली नाही. मी आल्यावर तिने माझ्यासाठी झालरीचे आच्छादन शिवले. धुणे झाले की ती माझे दार घट्ट लावायची, अंग पुसायची आणि ते आच्छादन घालायची. आलेगेले लोक कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो.

पुढे आजी पडल्या. मांडीचे हाड मोडले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. रोज चादरी, रोज कपडे. खोलीला वास येऊ नये म्हणून सूनबाई जिवाचे रान करायची. तिला वाटायचे, फेस जितका जास्त तितका कपडा स्वच्छ. म्हणून ती माझ्या खणात सढळ हाताने पावडर ओतायची. तिच्या कपड्यांना चिकटलेले दोरे आणि बारीक चिंध्याही माझ्या पोटात यायच्या आणि पाणी बाहेर जाते त्या वाटेवर, माझ्या गळ्याशी, साचून राहायच्या. दार कायम बंद, वर आच्छादन. आतली ओल वाळणार कशी? माझ्या ओठांच्या घडीत काळी बुरशी धरली. चादरी पावडरीने कडक होऊ लागल्या. आजींच्या पाठीला खाज सुटली, लाल चट्टे उठले. पण सून आपल्यासाठी किती राबते हे त्या पाहत होत्या. तिला वाईट वाटेल म्हणून त्या मूग गिळून बसल्या.

एके दिवशी मी थांबलो. पोटात चादरी, काठोकाठ पाणी आणि ते बाहेर सोडता येईना. दुरुस्तीवाला म्हणाला, पुढच्या आठवड्याशिवाय जमणार नाही. सूनबाई न्हाणीघरात बसून उरलेल्या चादरी हाताने धुऊ लागली. दोनच दिवसांत तिचे मनगट सुजले, कात्री धरवेना. ते पाहून मुलाने इतके दिवस मनात ठेवलेले बोलून टाकले.

“आई, रुग्णांना सांभाळणारं ते केंद्र आहे ना, तिथे बोलून आलोय. रविवारी जाऊ. तिथे माणसं असतात, रोज सगळं बदलतात. तुझीच सोय होईल.”

“बरं,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

मित्रांनो, माझ्यामुळे एका म्हातारीचे घर सुटणार होते. मला रडू येत होते, पोटात पाणीही भरपूर होते, पण तेच तर बाहेर पडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आजींच्या खोलीत आपले शिलाई मशीन साफ करत बसली होती. मनगट दुखो की काही होवो, रोज सकाळी त्यातला कचरा कुंचल्याने काढायचा आणि तेलाचा थेंब सोडायचा, हा तिचा नेम. आजी पडल्या पडल्या पाहत होत्या.

“तुझ्या या लाडक्या मशीनचा कचरा रोज काढतेस,” आजी म्हणाल्या. “आमच्या गरगऱ्याचा कधी काढलास गं?”

“त्याचा कसला कचरा, आई? तो स्वतःच धुतो की सगळं!”

एवढे म्हणताच तिच्या मनात शंका आली. हातातला कुंचला तसाच घेऊन ती माझ्यापुढे येऊन बसली.

तिने आधी माझी वीज बंद केली, नळ बंद केला. माझ्या खालच्या कोपऱ्यातले छोटे दार इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उघडले. पसरट भांडे लावून गळ्याचे झाकण हळूहळू फिरवले. पाणी भसाभसा आले. भांडे भरायचे, ओतायचे, पुन्हा लावायचे. मग तिने आतली जाळी ओढली आणि अख्ख्या घराने नाक धरले. दोऱ्यांचा हा मोठा लगदा, त्यात हुक, बटण आणि शिवताना बोटात घालायच्या ज्या अंगुस्तानासाठी तिने मागे घर डोक्यावर घेतले होते तेही! “सापडलं!” ती ओरडली, आणि कितीतरी दिवसांनी आजी हसल्या.

मी त्या बाईचे कौतुक किती करू! मनगटाला पट्टी बांधून तिने माझे ओठ घडीघडीतून पुसले, खणात दगड झालेली पावडर दातांच्या जुन्या ब्रशने खरवडली, मला रिकामेच गरम पाण्यावर फिरवले. मग चादरी पुन्हा धुतल्या, पावडर अगदी बेताची घालून. वाळलेली चादर तिने गालाला लावून पाहिली. मऊ होती. आधीच्या कडक चादरी आठवून तिला शंका आली. तिने आजींना कुशीवर वळवले, पाठ पाहिली आणि तिचा चेहराच उतरला.

“आई, बोलला का नाहीत?”

“तू एवढी राबतेस. तुला आणखी काय सांगायचं?”

सूनबाई तिथेच बसून रडली. आजी तिच्या सुजलेल्या मनगटावरून हात फिरवत राहिल्या.

रविवारी मुलाने माळ्यावरून बॅग काढली.

“ती परत ठेवा,” सूनबाई म्हणाली. “आई कुठेही जात नाहीत.”

“अगं, पण तुझा हात?”

“धुणं गरगऱ्या करतोय. वाळत घालणं आजपासून तुमच्याकडे.”

 मग बॅग खाली ठेवून त्याने बादली उचलली.

मित्रांनो, मी घरभराचे कपडे धुतो, पण माझा गळा मला साफ करता येत नाही. अधूनमधून घरातल्या मोठ्यांना तो साफ करायला माझ्यापुढे बसवा. धुणे झाले की माझे दार थोडा वेळ उघडे राहू द्या. आणि तुमच्या घरात कोणी कुरकुर न करता पडून असेल, तर त्याची पाठही एकदा बघा.