भामाबाईंचा बंद ट्रॅक

मी एक पुस्तिका आहे, पण मला पानं नाहीत. रहिमतपूरच्या एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या संगणकात मी फाइल होऊन राहते. माझं वय दोन वर्षं. आमच्या जगात एवढ्यातच म्हातारपण येतं.

मित्रांनो, गाणं तयार करण्याचा प्रोग्रॅम तुम्ही पाहिला असेल. त्यात ढोलकीची पट्टी वेगळी, गळ्याची वेगळी. या पट्टीला ट्रॅक म्हणतात. स्टुडिओचा मालक राजरत्न याने एक अवजार बनवलं आणि त्याच्या जोरावर एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून करणारा संगणकातला मदतनीस, तो प्रोग्रॅम चालवू लागला. ‘ढोलकी जरा खाली घे,’ असं लिहिलं की ढोलकी खाली यायची. पण एजंटला कान नसतात. कोणत्या आज्ञेने काय होतं, हे त्याला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. राजरत्नची बहीण नीलिमा हिने ते लिहिलं आणि माझा जन्म झाला.

नीलिमा प्रत्येक आज्ञा स्वतः चालवून बघायची, मगच लिहायची. राजरत्न वैतागायचा.

“नीले, देशाची घटना लिहायला बसलीयस का गं?”

“व्हय. आणि तू कलम मोडलंस तर बघ!”

माझ्यात ‘साफसफाई’ नावाची एक आज्ञा आहे. तिच्यापुढे नीलिमाने लिहिलं होतं : ही आज्ञा बंद ट्रॅक, म्हणजे न वाजवता नुसते जपून ठेवलेले ट्रॅक, दाबून कमी जागेत बसवते, काहीही पुसत नाही. तेव्हा ते खरं होतं.

माझं कौतुक झालं. सांगली-साताऱ्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी माझ्या प्रती मागून नेल्या. पुढे नीलिमा नोकरीला पुण्याला गेली. राजरत्न अवजारात भर घालत राहिला, पण मला उघडून बघणं त्याने सोडलं. भीमजयंतीचा हंगाम जवळ आला. गावोगावच्या मंडळांना डीजेवर लावायला गाणी हवी होती. डिस्क भरत चालली, तेव्हा बंद ट्रॅकची प्रत दुसऱ्या डिस्कवर असतेच, या हिशोबाने साफसफाईची आज्ञा त्याने बदलली. आता ती बंद ट्रॅक कायमचे पुसू लागली. माझ्यातलं वाक्य मात्र तसंच राहिलं.

त्याच सुमारास औंधजवळच्या भामाबाई आल्या. त्यांनी जन्मभर भीमगीतं गायली होती. घशात गाठ निघाली होती आणि मिरजेच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं होतं. त्याआधी आवाज साठवून ठेवायचा होता. नवरा धोंडिराम दाराशी बसला होता.

“आवं, खोकू नका तिकडं बसून. समदं रेकॉर्ड हुतंय,” भामाबाई म्हणाल्या.

“हुं दे की. माझा बी आवाज ऱ्हाईल.”

सगळेच हसले. मग त्या गायल्या. गाऊन झाल्यावर राजरत्नला म्हणाल्या, “राजा, डीजेवाल्यांना काय द्यायचं ते दे. पर माझा गळा हाय तसा ठेव. नातीला कळू दे, आजी कशी गात हुती.”

“ठिवतो की आत्या. बंद ट्रॅकवर ठिवतो. कुणाचा हात लागायचा न्हाई.”

तो त्या स्टुडिओचा रिवाजच होता. मूळ आवाज बंद ट्रॅकवर जपायचा आणि डीजेसाठी त्याची नक्कल घेऊन ती ताणायची, तिचा सूर चढवायचा. भामाबाईंच्या आवाजाचीही दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवायची होती. हंगामाच्या गडबडीत ती राहून गेली.

पुन्हा जागा संपली. दारात मंडळाची पोरं ताटकळत होती. राजरत्नने एजंटला सांगितलं, ‘जागा मोकळी कर, पण काही पुसू नको.’ एजंटने मला वाचलं. माझ्यातलं ते वाक्य त्याला सापडलं, आणि त्याने साफसफाई चालवली. मग कळवलं : जागा मोकळी झाली आहे, काहीही पुसलेलं नाही.

ऑपरेशननंतर भामाबाई आणि धोंडिराम आवाज न्यायला आले. ट्रॅकचं नाव जागेवर होतं, आत काही नव्हतं. राजरत्नने संगणक सांगलीच्या जाणकाराकडे नेला. त्या जागेवर नवी गाणी बसली होती, परत काहीच मिळालं नाही. उरली होती फक्त डीजेची नक्कल. पुढच्या खेपेला त्याने तीच ऐकवली.

भामाबाईंच्या गळ्यावर पांढरं फडकं होतं. थोडं ऐकून त्यांनी हेडफोन काढला, पडद्याकडे बोट केलं आणि ओठ हलवले.

“काय म्हणत्यात?” राजरत्नने विचारलं.

धोंडिराम म्हणाला, “इचारतीया, ही कोण बाई हाय?”

राजरत्नने ते गाणं बंद केलं. त्या दिवशी त्याने नीलिमाला फोन केला. मग तिने माझं वाक्य दुरुस्त केलं. आता मी खरं सांगते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अवजारं बनवाल. अवजार ज्या दिवशी बदलाल, त्याच दिवशी त्याच्याविषयी लिहिलेलंही बदला. तेवढा वेळ नसेल तर ते खोडून तरी टाका. मी कोरी असते तर एजंटने थांबून विचारलं असतं.

धोंडिरामने शेवटी ती नक्कलच फोनवर घेतली. आजी कशी गायची असं कुणी विचारलं, की नात तीच लावून दाखवते. भामाबाई तेव्हा उठून बाहेर जातात.