मोडून घेतलेली भेंडी

मुलगा म्हणाला होता, "आई, महिनाभर राहून बघ. रमलीस तर परतीचं तिकीट रद्द करू. कायमची इथेच राहा." आणि आई रमली की हो! तिला काय, मुलाचं तोंड दिसलं की परदेशसुद्धा घरच. नवरा गेल्यावर लोकांचे डबे करकरून या एकुलत्या एकाला तिने वाढवलेला. मागे राहिल्या होत्या त्या कुलूप घातलेल्या दोन खोल्या. आज जेवताना त्याला हो सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि हो सांगायचं तर पानात त्याच्या आवडीची भेंडी नको? म्हणून तर ती हट्टाने त्याला घेऊन बाजारात आली.

बाजार जुना, उंच छपराखालचा. भाज्या मात्र पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशांसारख्या मांडलेल्या. भेंडी दिसली आणि आईचे हात शिवशिवले. भेंडी घ्यायची म्हणजे टोक मोडून बघायचं. कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. यात कुणाला विचारायचं काय? लहानपणी हाच मुलगा तिचा पदर धरून टोकं मोडायचा आणि खिदळायचा. तिने आपलं कट्‌ कट्‌ सुरू केलं.

भाजीवालीने ते पाहिलं आणि अशी कडाडली की येणारेजाणारे थबकले. आईला शब्द एक कळेना, पण आपलं चुकलं एवढं कळलं. मोडकी टोकं तिच्या नाकासमोर नाचवत भाजीवालीने हातानेच विचारलं, बरोबर कोण आहे तुमच्या? आईचा जीव भांड्यात पडला. तिने बोट दाखवलं. मुलगा पलीकडे पावाच्या दुकानापाशी एका झकपक बाईशी हसत बोलत होता. भाजीवालीने त्याला हाक मारून आईकडे हात केला, ही तुमचीच का?

त्याने आईकडे पाहिलं. शेजारच्या बाईकडे पाहिलं. आणि नाही म्हणून मान हलवली, सरळ पाठ फिरवली.

ज्याच्यासाठी चुलीपुढे हाडं झिजवली, त्याला तिची लाज वाटली! खर्चायला त्यानेच दिलेली नोट तिने पुढे केली, मोडलेली सगळी भेंडी पिशवीत भरली आणि मान खाली घालून बाहेर दारापाशी जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने स्वारी आली, एकटीच. "अगं, होतीस कुठे? शोधून शोधून दमलो!"

खोटारडा मेला, तिच्या मनात आलं. घरी येऊन तिने भेंडी चिरली, फोडणीला टाकली, त्याला गरम गरम वाढली.

"आई, काय कोवळी आहे गं!" तो बोटं चाटत म्हणाला.

"असणारच. एकेक मोडून घेतलीये."

त्याचा घास हातातच राहिला. "आई, अगं त्या आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई होत्या, म्हणून..."

"जेव आधी." तिने आणखी एक डाव भाजी वाढली. "आणि ते तिकीट रद्द करू नकोस."

"का? तू तर राहणार होतीस!"

"कुणाकडे राहू? माझं इथे कोणी नाही, हे तूच सांगितलंस ना भाजीवालीला?"