मागच्या रांगेला न दिसणारा गुलाबी

मित्रांनो, स्टँडला कंबरेत आवळून उभी केलेली ही उंच काचेची नळी म्हणजे मी, वडशाच्या एका कॉलेजातली जुनी ब्युरेट. माझ्या अंगावर शून्य ते पन्नास आकडे आहेत आणि शून्य सगळ्यात वर. कारखान्यात कोणाला डुलकी लागली असं तुम्हाला वाटेल. पण मी किती ओतलं ते सांगते, किती उरलं ते नाही. आकडा वाचायला डोळा पातळीत आणावा लागतो. म्हणून मोठमोठे पदवीधर माझ्यापुढे गुडघे टेकतात.

काम सोपं. चंबूत आम्ल आणि रंग दाखवणारं औषध. माझ्यातून कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं. चंबू फिका गुलाबी झाला की तोटी बंद.

उर्वशीला हे ‘फिका’च जमेना. तिच्या मामाची झाडीपट्टीची नाटक मंडळी; हिवाळाभर ती नटांचे चेहरे रंगवायची. बारावीचं प्रॅक्टिकल गेलं तर वर्ष जाणार, आणि तिचा चंबू दरवेळी गुलाल उधळल्यासारखा.

“काऊन वं एवढा?” रीता मॅडमनी विचारलं.

“फिका ठेवला त मागच्या लोकाईले दिसन का जी, मॅडम?”

“मांगं कोणी नाई. मांगं भिंत हाय.”

उर्वशीने वळून खात्री करून घेतली.

“नटीच्या पापणीले काजळ कसं लावते तू?”

“श्वास रोखून.”

“मंग रोख.”

परीक्षेला बाहेरचे सर समोर बसले. उर्वशीने श्वास रोखला. शेवटी माझ्या टोकाला तिने अर्धाच थेंब लोंबू दिला, चंबूच्या काचेला टेकवला आणि पाण्याने आत धुतला. रंग आला, लाजत आल्यासारखा. तोटी बंद! मित्रांनो, माझ्या तोटीवरून पुष्कळ हात गेले. अर्धा थेंब मागणारा हात विरळा. तिने पुन्हा केलं, तोच आकडा. सर वाकले, वाचलं आणि मान डोलावली.

“झाली का मी पास?” तिने बाहेर मॅडमना विचारलं.

“झाली समज!”

बाकीची पोरं केव्हाच पळाली होती. मामाची गाडी हॉर्न वाजवत होती. उर्वशी परत आत आली.

“थांबजा ना मामा, हे धुवून राह्यली!”

सोडा आत राहिला तर माझी तोटी कायमची चिकटते. म्हणून मित्रांनो, काम झालं की मला धुवा आणि तोटी उघडी ठेवून उलटी टांगा. उलटं टांगल्याबद्दल आभार मानणारी जगात बहुधा मी एकटीच आहे.