अकोल्याच्या पुढचं स्टेशन

वाढदिवस म्हणजे पाटाभोवती रांगोळी, औक्षण, वाटीभर खीर आणि थोरामोठ्यांना नमस्कार. अमरावतीत शाळामास्तराच्या घरी याहून जास्त कुणी करत नसे. पताका लावून पोरांचा गोंधळ घालावा तो कॅम्पातल्या साहेबांनी. म्हणून अनसूयेनं धाकट्या नरूच्या पाचव्या वाढदिवसाला परसात आगगाडी करायचं ठरवलं, तेव्हा आळीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गोदाबाई तर तोंडावर म्हणाल्या, "मास्तरीणबाईले साहेबाचं वारं लागलं वाट्टे!" लागो बापडं. अनसूयेनं तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

कारण वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी नरू अकोल्याला दत्तक जायचा होता.

अनसूयेचे थोरले दीर मोरोपंत अकोल्याला वकील. दारी बग्गी, घरात धान्याच्या कणग्या, आणि पाळणा मात्र माळ्यावर धूळ खात पडलेला. धाकट्या भावाला, कमलाकांताला, त्यांनी आईबाप गेल्यावर स्वतःच्या ताटात जेवू घालून मोठं केलं. त्यांनी मूल मागितलं आणि कमलाकांताच्या तोंडून 'हो' निघून गेलं. बायकोलाही विचारायचं असतं, हे त्या भल्या माणसाला परतीच्या गाडीत आठवलं. थोरला मुलगा दत्तक देत नाहीत, म्हणून वसंत राहिला आणि नरूवर पाळी आली. अनसूया दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. न जेवून दिलेला शब्द थोडाच परत येतो?

अडचण एकच होती. नरूला आगगाडीची भीती वाटे. दिवाळीत त्याला बडनेऱ्याला नेलं, तेव्हा इंजिनानं वाफ सोडली आणि पोरानं किंकाळी फोडून आईच्या गळ्याला अशी मिठी मारली, की नखांचे ओरखडे उठले. त्या दिवशी सगळे टांग्यानं घरी परतले. हे कळल्यावर मोरोपंतांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, निरोप पाठवला होता, "हसत आणा हो. रडत आलेलं पोर घराला लागत नाही."

अनसूयेलाही तेच हवं होतं, पण तिचं कारण वेगळं होतं. तिला स्वतःचा भरवसा नव्हता. स्टेशनावर त्यानं रडून पदर धरला, तर आपण सोडवणार नाही, भर फलाटावर नवऱ्याचा शब्द मोडू आणि पोराला घेऊन घरी येऊ, हे ती ओळखून होती.

हे तिनं फक्त शेजारच्या हलीमाबीला सांगितलं. हलीमाबीचा नवरा जैनुद्दीन इतवारा बाजारात पत्र्याचे डबे आणि दिवे करायचा. ऐकून हलीमाबी म्हणाली, "आपल्या हातानं लेकराले वाट शिकवून राहिली तू. कलेजा पायजे वं बाई." संध्याकाळी जैनुद्दीननं रॉकेलच्या डब्यांची रिकामी देवदारी खोकी मधल्या भिंतीवरून उतरवून दिली, सोबत पत्र्याचं धुराडं आणि एक शिट्टी. पैशाचं नाव काढलं तर रागावला.

वाढदिवसाच्या दिवशी खोकी सुतळीनं एकामागे एक बांधली. धुराडं डोक्यावर बांधून वसंत इंजीन झाला. अनसूयेनं आपल्या जुन्या हिरव्या खणाचं निशाण केलं आणि जुन्या लग्नपत्रिका कातरून तिकिटं केली. पाट्या मात्र कमलाकांतानं लिहिल्या, मास्तरी वळणदार अक्षरात. स्वयंपाकघराचं दार अमरावती, विहीर बडनेरा, शेवग्याचं झाड मूर्तिजापूर, धुण्याचा दगड बोरगाव. 'अकोला' लिहिताना त्याचा खडू दोनदा मोडला. ती पाटी तिनं पडवीच्या टोकाला टेकवून ठेवली.

प्रत्येक स्टेशनावर खाऊ होता. बडनेऱ्याला फुटाणे, मूर्तिजापूरला शेंगदाण्याचा लाडू, बोरगावला बत्तासा. अकोल्याला केशर घातलेले पेढे, आणि पेढ्यांच्या ताटाशी रुख्मिणीकाकू. त्या आदल्या दिवशीच आल्या होत्या. बाई मनानं वाईट नव्हती. पुण्याकडची, शुद्ध बोलणारी, आणि मुलासाठी इतकी भुकेली की नरू जवळ आला की ती त्याला कुरवाळत राही.

पहिल्या फेरीला नरू खोक्यात बसेना. अनसूयेनं त्याच्या हातात शिट्टी दिली. "तू गार्ड हायेस. गार्ड भेत नसते. तू वाजवल्याबिगर गाडी हालत नाही, पाह्य." त्यानं हळूच वाजवली. गाडी हलली. दुसऱ्यांदा त्यानं जोरात वाजवली. तिसऱ्या फेरीला तो खोक्यात उभा राहून ओरडत होता, "चला, चला, मूर्तिजापूर!" आळीतली पोरं मागे लटकली होती, गोदाबाईंची नातसुद्धा. अकोल्याला रुख्मिणीबाईंनी पेढा भरवला. "कसा आहे?"

"मले आवडला."

"मले नाही राजा. मला."

सगळं अनसूयेच्या मनासारखं चाललं होतं. चुकलं ते एकाच जागी. परस ते केवढंसं! पडवीच्या टोकाहून वळलं की लगेच स्वयंपाकघराचं दार, आणि दारात अनसूया. अकोल्याचा पेढा तोंडात असतानाच गाडी वळायची, आणि नरू खोक्यातून उडी टाकून ओरडायचा, "अमरावती आली!" खेळ अकोल्यालाच थांबवायला हवा, हे तिला पहिल्याच फेरीला कळलं होतं. दर खेपेला ती ठरवी, आता थांबवू. आणि दर खेपेला तो पळत आला की तिचे हात आपोआप पसरत. कुणाच्या आईचे पसरणार नाहीत?

दिवेलागणीला औक्षण झालं. अनसूयेनं ओवाळलं, मग तबक जावेच्या हातात दिलं. उद्यापासून ते तबक तिचंच होतं. अनसूया काकू होणार होती.

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर वसंतला आणलं नव्हतं, हलीमाबी मात्र बुरखा सावरत सोबत आली होती. अमरावतीहून बडनेऱ्याला जाणारी छोटी गाडी फलाटाला लागलेली होती. कमलाकांत नरूला घेऊन जाणार होता. दत्तविधानात बापानं मूल उचलून द्यावं लागतं. आईनं अकोल्याला येऊ नये, पोर मागं फिरतं, असं ठरलं होतं. नरूला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. अकोल्याला पेढे आहेत, एवढंच त्याला ठाऊक होतं.

इंजिनानं वाफ सोडली. अनसूयेनं डोळे मिटून घेतले. किंकाळी आली नाही. नरू गळ्यातली शिट्टी चाचपत डब्यात चढला, खिडकीशी बसला आणि हिरवं निशाण तिच्याकडे देत म्हणाला, "हे तू धर. मी वाजवलं का हालव." तिनं धरलं. कमलाकांत समोरच्या बाकावर खाली मान घालून बसला होता. रुख्मिणीबाईंनी नरूच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि अनसूयेकडे पाहायचं त्या टाळत होत्या.

"आई, तू इथंच उभी राह्य, हं. जाऊ नोको कुठं. अकोल्यानंतर तूच हायेस."

त्यानं शिट्टी फुंकली. खऱ्या गार्डानंही फुंकली. अनसूयेनं निशाण हलवलं. पोरगं खिदळत होतं. डब्यातली माणसं त्याच्याकडे पाहून हसली. गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा हात हलतच होता.

"रडला नाही," हलीमाबी म्हणाली. "शुकर है. चाल आता घरी."

अनसूया हलली नाही. हलीमाबीनंही ओढलं नाही, शेजारच्या बाकावर टेकली. फलाट रिकामा झाला. भिस्ती पाणी मारून गेला. अमरावतीच्या पुढं रूळ नाहीत. गाडी जाते ती त्याच वाटेनं परत येते. उन्हं चढल्यावर तीच गाडी बडनेऱ्याहून परत आली आणि पुढं वलगावला जाणारी माणसं बोचकी घेऊन उतरली. अनसूया एकेका डब्यात वाकून पाहत शेवटपर्यंत गेली. वेड लागल्यासारखं दिसतंय, हे तिला कळत होतं. तरी तिनं शेवटचा डबाही पाहिला.

"बाई, थो आता मूर्तिजापूरच्या पुढं गेला असंन," हलीमाबी तिचा हात धरून म्हणाली. "खुशीत गेला. तुले हेच पायजे होतं ना?"

"खुशीत उतरंनही," अनसूया म्हणाली. "पेढा खाईन. अन् मंग इचारंन, अमरावती कवा येते."

एवढं बोलून ती खाली बसली. त्याचं रडू तिनं थांबवलं नव्हतंच, नुसतं अकोल्यापर्यंत पुढं ढकललं होतं, जिथं ते पुसायला ती असणार नव्हती.